रायफलीवरील खूण : छिद्र बसवावे की दुर्बीण?

भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, मक्याचे कणीस दुधावर आले किंवा उसाच्या कांड्यांत गोडी उतरली, म्हणजे रानडुकरांचे कळप शेतात येऊ लागतात, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. कळप जेवढे खातो त्याहून कितीतरी अधिक तो उकरून व तुडवून टाकतो. अशा वेळी गावातील ज्या गृहस्थाकडे परवान्याची रायफल असेल त्याच्याकडे सर्वांचे डोळे लागतात. तो गृहस्थ मात्र बहुधा एका निराळ्याच विवंचनेत असतो. वय चाळिशीच्या पुढे गेलेले, संध्याकाळचा उजेड मंद झालेला, आणि रायफलीवरील मागली खाच धूसर दिसू लागलेली. मग कोणी त्यास सांगतो, "दुर्बीण बसवा." दुसरा म्हणतो, "दुर्बीण नाजूक. मागे छिद्राची पट्टी लावा." या दोन सल्ल्यांपैकी कोणता केव्हा मानावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम कायद्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हौसेची शिकार आता आपल्या देशात राहिलेली नाही. रानडुक्कर हाही संरक्षित प्राणीच होय. तथापि तो मनुष्याच्या जीवितास किंवा उभ्या पिकांसह मालमत्तेस धोकादायक झाला असल्यास, त्याच अधिनियमाच्या कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. या परवानगीवाचून बंदूक उचलणे हा गुन्हा आहे. परवानगीत क्षेत्र, मुदत व इतर अटी लिहिलेल्या असतात. त्या घरी वाचून, समजून घेऊन मगच शेतात जावे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी जी खास तरतूद आहे ती ठासणीच्या बंदुकीची, आणि ती अपुरी पडते असे परवाना अधिकाऱ्याचे मत झाल्यास दुसऱ्या एखाद्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची आहे, रायफलीची नव्हे. म्हणजे पुढील विवेचन गावातील थोड्याच परवानाधारकांस प्रत्यक्ष लागू पडेल. परंतु बंदोबस्ताचे काम बहुधा याच थोड्या मंडळींवर येऊन पडते, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांस त्यांची निवड करावयास मदत करावी लागते. म्हणून हा विषय सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे.

खाचेची खूण आणि डोळ्याची अडचण

नळीच्या तोंडाशी जो बारीक उंचवटा असतो त्यास माशी म्हणतात. तिच्या मागे, नळीवरच, एक खाच असलेली पट्टी असते. खाचेच्या मध्यभागी माशी आणावयाची आणि माशी जनावरावर ठेवावयाची, ही नेम धरण्याची जुनी रीत. आपल्या देशात परवान्यावर मिळणाऱ्या .३१५ बोअरच्या रायफलीवर कारखान्यातून अशीच खाचेची खूण येते.

या रीतीत डोळ्यावर मोठा बोजा पडतो. खाच हातभर अंतरावर, माशी त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर आणि जनावर पन्नास मीटरवर. आणि डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होऊ शकते. तरुण माणसाचे भिंग लवचीक असल्यामुळे ते क्षणार्धात पुढेमागे फिरते व तिन्ही वस्तू स्पष्ट असल्याचा भास होतो. चाळिशी ओलांडल्यावर ही लवचिकता कमी होते. ज्या कारणाने वर्तमानपत्र हात लांब करून वाचावे लागते त्याच कारणाने मागली खाच पुसट दिसते, तिच्या कडा पसरतात, आणि माशी नेमकी मध्यभागी आहे किंवा नाही हे ठरविता येत नाही. आपल्या भाषेने वाचण्याच्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणून टाकले आहे, ते उगीच नव्हे. मात्र वाचण्याचा चष्मा लावून नेम धरण्याचा प्रयत्न कोणी करू नये. त्याने जवळची खाच दिसेल, पण जनावर धुक्यात जाईल.

या पुसटपणाची किंमत किती, हे त्रैराशिकाने काढता येते. खाच व माशी यांमधील अंतर ५० सेंटीमीटर आहे असे धरू. माशी खाचेत अर्धा मिलिमीटर बाजूला राहिली, तर ५० मीटरवर गोळी ५ सेंटीमीटर व १०० मीटरवर १० सेंटीमीटर बाजूला जाईल. अर्धा मिलिमीटर म्हणजे जाड नखाएवढी चूक. रानडुकराचे हृदय व फुप्फुसे यांची जागा एका वितीहून लहान असते. त्यात श्वासाचा, हाताचा व घाईचा दोष मिळविला, म्हणजे जखमी डुक्कर उसात का शिरते हे ध्यानात येईल.

असे असले तरी खाचेची खूण टाकाऊ आहे असे कोणी समजू नये. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेट यांनी १९२६ साली रात्रीच्या वेळी, आंब्याच्या झाडावर बसून, रायफलीस बांधलेल्या विजेरीच्या उजेडात मारला. त्यांच्या .२७५ रिग्बी रायफलीवर दुर्बीण नव्हती. जनावर अगदी जवळ येईपर्यंत थांबण्याचा धीर ज्याच्या अंगी आहे आणि ज्याची दृष्टी शाबूत आहे, त्याने खर्चात पडण्याचे कारण नाही.

छिद्रदर्शक कसा काम करतो

छिद्रदर्शक, ज्यास व्यवहारात पीप साइट म्हणतात, तो म्हणजे एक लहानशी चकती. तिच्या मध्यभागी भोक असते व ती रायफलीच्या मागल्या भागावर, डोळ्याजवळ बसविलेली असते. भोकातून पाहावयाचे, माशी जनावरावर ठेवावयाची आणि चाप ओढावयाचा. भोकाकडे पाहावयाचे नाही, त्यातून पाहावयाचे, ही यातील मुख्य गोष्ट. नवशिका मनुष्य भोकाचा मध्य शोधीत बसतो व वेळ घालवितो. वस्तुतः भोकाच्या मध्यभागी उजेड सर्वांत अधिक असतो आणि डोळा आपोआप तेथेच स्थिरावतो. त्यास तसे करावयास सांगावे लागत नाही. त्यामुळे तीनपैकी एक वस्तू डोळ्याच्या हिशेबातून वजा होते व माशी आणि जनावर या दोहोंकडेच लक्ष पुरवावे लागते.

दुसरा लाभ भोकाच्या लहानपणामुळे होतो. जाड पुठ्ठ्यास टाचणीने भोक पाडून त्यातून पाहिल्यास चष्म्यावाचूनही अक्षरे स्पष्ट दिसतात, हा प्रयोग ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांनी आजच करून पाहावा. बाजूने येणारे किरण अडविले गेल्यामुळे जवळचे व दूरचे दोन्ही एकाच वेळी बरे दिसते. तिसरा लाभ अंतराचा. छिद्रदर्शक डोळ्याजवळ असल्यामुळे तो व माशी यांत सुमारे ७० सेंटीमीटर अंतर पडते. वरील उदाहरणातील अर्ध्या मिलिमीटरची चूक आता ५० मीटरवर साडेतीन सेंटीमीटरच्या आसपासच राहते.

छिद्रदर्शक ही काही नवी वस्तू नाही. अमेरिकेत विल्यम लायमन यांनी शिकारी रायफलीसाठी आपल्या छिद्रदर्शकाचे एकस्व १८७९ साली घेतले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांनी वापरलेल्या चौथ्या क्रमांकाच्या ली-एनफील्ड रायफलीवर खाचेऐवजी छिद्रच होते. त्यापूर्वीच्या नमुन्यावर नळीच्या मध्याशी खाच असे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळविले, ते छिद्रातून पाहूनच. त्या स्पर्धेत लक्ष्याच्या मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. तेव्हा छिद्राने बारीक नेम साधत नाही, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे.

परंतु येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक वाटते. स्पर्धेतील नेमबाजापुढे पांढऱ्या कागदावर काळा गोल असतो, तो हलत नाही व त्यावर भरपूर उजेड असतो. म्हणून त्याच्या छिद्राचा व्यास एक मिलिमीटरच्या आसपास ठेवता येतो. हेच छिद्र घेऊन कोणी तिन्हीसांजेस ज्वारीच्या कडेला बसला, तर त्यास भोकातून काळोखाशिवाय काही दिसणार नाही. शेतावरील कामासाठी भोक मोठे पाहिजे. चार ते सहा मिलिमीटर व्यासाचे भोक आणि त्याभोवती पातळ कडा, अशी चकती घ्यावी. नेम धरला असता ती कडा पुसट होऊन जवळजवळ नाहीशी होते. माशीभोवती केवळ एक फिकट कडे राहते. एवढे मोठे भोक पाहून नेम चुकेल अशी भीती पुष्कळांस वाटते. पण डोळा मध्य शोधण्याचे काम मोठ्या भोकातही करतोच. ज्या छिद्रदर्शकात बारीक छिद्राची चकती आट्यांनी बसविलेली असते, तिची चकती काढून ठेविली म्हणजे उरलेले मोठे भोकच शेतावर पुरेसे होते.

छिद्रदर्शकाची खरी मर्यादा माशीत आहे. डोळ्यापासून ८५ सेंटीमीटरवर असलेली दोन मिलिमीटरची गोल माशी ५० मीटरवर सुमारे १२ सेंटीमीटर व १०० मीटरवर सुमारे २४ सेंटीमीटर जागा झाकते. म्हणजे शंभर मीटरवर ज्या ठिकाणी गोळी लागावयाची ते सबंध ठिकाण माशीखाली दडते. शिवाय उजेड गेला की काळी माशी काळ्या डुकरावर दिसेनाशी होते. माशीच्या मागील तोंडास पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिल्यास दहापंधरा मिनिटे अधिक मिळतात. त्यानंतर मात्र छिद्रदर्शक असलेल्या माणसाने रायफल रिकामी करून घरी जावे, हेच योग्य.

दुर्बीण काय देते व काय घेते

दुर्बिणीतून पाहणारास जनावर व नेमाची फुली एकाच पातळीवर, एकाच वेळी स्पष्ट दिसतात. डोळ्यास पुढेमागे फिरावे लागत नाही. वृद्ध दृष्टीस याहून मोठे साहाय्य नाही. जनावर मोठे दिसते हा दुसरा लाभ. लोक मात्र त्यालाच पहिला मानतात आणि दुकानात जाऊन सर्वांत अधिक पटीची दुर्बीण मागतात. आमच्या मते निवडीतील सर्वांत सामान्य चूक हीच होय.

पट वाढली की दिसणारे क्षेत्र आक्रसते. चार पटीच्या दुर्बिणीतून १०० मीटरवर सुमारे दहा मीटर रुंदीचे क्षेत्र दिसते. म्हणजे २० मीटरवर अवघे दोन मीटर. प्रौढ रानडुक्कर सव्वा ते दीड मीटर लांब असते. ते एवढ्या जवळ आले तर दुर्बीण काळ्या केसांनी भरून जाईल व आपण खांद्याकडे पाहत आहोत की मांडीकडे, हे समजणार नाही. नऊ पटीच्या दुर्बिणीत तर बांधावरून उसात जाणारे जनावर सापडेपर्यंत ते निघून गेलेले असते. आपल्याकडे मचाणावरून किंवा माळ्यावरून होणारे काम बहुधा वीस ते साठ मीटरांच्या आतले असते. तेवढ्यासाठी अडीच ते चार पटीची, न बदलणारी दुर्बीण पुरेशी आहे. पट बदलण्याची सोय असलेली घ्यावयाची तर तिचा खालचा आकडा दीड किंवा दोन असावा, आणि ती नेहमी खालच्या आकड्यावर ठेवून बसावे. लांबच्या नेमास पट वाढवावयास वेळ असतो. जवळ आलेल्या डुकरासाठी पट कमी करावयास तो मिळत नाही.

संधिप्रकाशाचा हिशेबही सोपा आहे. पुढल्या भिंगाच्या व्यासास पटीने भागावे. चार पट व ३२ मिलिमीटर भिंग असेल तर डोळ्याकडे येणारा उजेडाचा झोत ८ मिलिमीटर रुंद होतो. नऊ पट व ४० मिलिमीटर भिंगाचा तोच झोत साडेचार मिलिमीटरहून कमी भरतो. काळोखात तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते, उतारवयात ती पाचाच्या आसपासच उघडते. झोत बाहुलीएवढा वा तिच्याहून थोडा मोठा असला म्हणजे दुर्बीण उजळ दिसते. त्याहून रुंद झोताने डोळ्यात अधिक उजेड जात नाही. मात्र डोके थोडे इकडे तिकडे झाले तरी दृश्य काळे पडत नाही, व घाईच्या वेळी त्याचे मोल फार असते. सारांश, चार पटीची साधी दुर्बीण सूर्यास्तानंतर नऊ पटीच्या महाग दुर्बिणीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

आता दुर्बिणीचे दोष. डोळा व मागले भिंग यांत आठ ते नऊ सेंटीमीटर अंतर राखावे लागते. ते न राखल्यास धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईवर बसते व रक्त निघते. चढावर नेम धरताना किंवा पालथे पडून असताना हे विशेषकरून घडते. पावसात भिंगावर थेंब साचतात. कोकणातील दमट हवेत निष्काळजीपणे ठेवलेल्या भिंगास बुरशी धरते. मोटारसायकलवरून दगडी रस्त्याने नेताना बसणारे हादरे बिजागऱ्या व स्क्रू सैल करतात. हवेच्या साध्या बंदुकीसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त दुर्बिणी काडतुसाच्या धक्क्यास टिकतीलच असे नाही. पाचदहा गोळ्यांत फुली सरकते आणि नेम का चुकतो हे कळत नाही. त्याउलट छिद्रदर्शकात पाणी भरले तर फुंकर मारली की काम झाले.

मचाणावर बसणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. दुर्बीण नळीच्या सुमारे चार सेंटीमीटर वर असते. दुर्बिणीतून पाहणारास समोर मोकळे दिसते, पण नळीचे तोंड मात्र मचाणाच्या आडव्या बांबूकडे रोखलेले असू शकते. अशी गोळी बांबूत शिरते किंवा फुटून भलतीकडे जाते. दुर्बीण लावलेल्या प्रत्येकाने चाप ओढण्यापूर्वी मान किंचित वर करून नळीच्या तोंडापुढे काही नाही याची खात्री करून घ्यावी.

दुर्बीण बसविण्याविषयीही सांगितले पाहिजे. पुष्कळ जुन्या .३१५ रायफलींवर दुर्बिणीसाठी तयार जागा नसते. पोलादात भोके पाडून आटे काढावे लागतात. हे काम तालुक्याच्या लेथच्या दुकानात करावयाचे नव्हे. रायफल परवानाधारक बंदूक-कारागिराखेरीज अन्य कोणाच्या हाती देणेच बेकायदेशीर आहे. शिवाय चुकीच्या ठिकाणी पाडलेले भोक काडतुसाचा दाब सोसणाऱ्या भागास दुर्बल करते. कोणतेही उपकरण बसविण्यापूर्वी परवाना अधिकाऱ्यास लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे.

मग निवड कोणी काय करावी

हातात रायफल घेऊन चालणारास, झुडपांतून जाणारास, हाक्याच्या वेळी वाटेवर उभा राहणारास छिद्रदर्शकच घेण्याचा सल्ला आम्ही देऊ. रायफल हलकी राहते, खांद्यास लावताच नेम मिळतो, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात व भोवतालचे सर्व दिसते. हाक्यात हाकारे कोठे आहेत हे दिसत राहणे नेमापेक्षाही महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडील दाट वनांत हरणांची शिकार करणारे अनेक जण आजही छिद्रदर्शक पसंत करतात, आणि पश्चिमेकडील उघड्या माळावर दुर्बिणीशिवाय चालत नाही, यामागील कारण हेच. तेथे दुर्बिणी सर्वसामान्यांच्या आटोक्यात आल्या त्या १९३० नंतर, विल्यम वीव्हर यांनी स्वस्त दुर्बीण बाजारात आणल्यावर. पण म्हणून झाडीतले लोक छिद्र टाकून देते झाले नाहीत.

जो परवानगी घेऊन मचाणावर बसणार, ज्याचे वय पन्नाशीकडे झुकले आहे आणि ज्याच्या शेतात डुकरे दिवस मावळतानाच उतरतात, त्याने कमी पटीची दुर्बीण घ्यावी. येथे आम्ही काकू करीत नाही. धूसर खाचेतून अंदाजाने झाडलेल्या गोळीने जनावर जखमी होऊन शेजाऱ्याच्या उसात शिरण्यापेक्षा दुर्बिणीचा खर्च केव्हाही बरा. मात्र जखमी डुकराच्या मागावर जाताना हीच दुर्बीण शत्रू ठरते. चार पावलांवरून अंगावर येणारे डुक्कर दुर्बिणीत दिसत नाही. म्हणून दुर्बीण सहज काढता येईल अशा बैठकीवर बसवावी व तिच्याखाली खाच किंवा छिद्र कायम ठेवावे. काढलेली दुर्बीण पुन्हा बसविल्यावर एकदोन गोळ्यांनी नेम तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. जखमी जनावराचा माग एकट्याने व काळोखात कधीही काढू नये. वनकर्मचाऱ्यांस कळवून सकाळी काढावा.

जो वर्षातून पाचसहा काडतुसेच झाडतो, त्याने मात्र तूर्त काहीच विकत घेऊ नये. त्याचे पैसे सरावाच्या काडतुसांत अधिक सत्कारणी लागतील. ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक असणारांसही हा खर्च करण्याची गरज नाही. तिचा पल्ला थोडा. माशी एवढीच तिची खूण, आणि तीस मीटरांच्या आत ती पुरते.

नेम जुळविणे

खूण कोणतीही असो, ती रायफलीशी जुळविलेली नसेल तर तिचा उपयोग नाही. अधिकृत नेमबाजी मैदानावर वाळूच्या गोणीवर रायफल टेकून प्रथम २५ मीटरवर तीन गोळ्या एकाच ठिकाणी नेम धरून झाडाव्या. तीन भोकांचा मध्य काढून तो नेमापासून किती दूर आहे हे मोजावे. एकाच गोळीवरून निर्णय करू नये. मग मागली खूण ज्या बाजूस गोळी जावयास हवी त्या बाजूस सरकवावी. माशी सरकवावयाची असल्यास उलट बाजूस. किती सरकवावयाची हे असे काढतात : चूक सेंटीमीटरमध्ये घ्यावी, तिला दोन्ही खुणांमधील अंतराने गुणावे आणि लक्ष्याच्या अंतराने भागावे. समजा, ५० मीटरवर गोळ्या १० सेंटीमीटर डावीकडे पडल्या आणि छिद्र व माशी यांत ७० सेंटीमीटर अंतर आहे. १० ला ७० ने गुणून ५,००० ने भागिले असता ०.१४ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर आले. तेवढे छिद्र उजवीकडे सरकवावे.

दुर्बिणीवरील फिरकी 'टिक' असा आवाज करीत फिरते. बहुतेक दुर्बिणींत एका टिकेने १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर, ५० मीटरवर साडेतीन व २५ मीटरवर पावणेदोन मिलिमीटर फरक पडतो. तेव्हा ५० मीटरवरील दहा सेंटीमीटरच्या चुकीस २७-२८ टिका लागतील. २५ मीटरवर जुळल्यानंतर अखेरची तपासणी ५० मीटरवर करावी. रायफल पडली, स्क्रू आवळले किंवा काडतुसांचा प्रकार बदलला तर पुन्हा तपासणी करावी.

चाप ओढण्यापूर्वी

विजेच्या वेळापत्रकामुळे पुष्कळ शेतकऱ्यांस रात्री पाणी द्यावे लागते. उसात कोणी दारे धरीत आहे, कोणी पंप पाहावयास गेला आहे, कोणी बांधावर बसला आहे, हे बाहेरून कळत नाही. हललेल्या पात्यावर किंवा आवाजावर गोळी झाडल्याने डुकराऐवजी माणूस मेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वाचावयास मिळतात. म्हणून दुर्बीण असणाऱ्यांनी एक नियम कसोशीने पाळावा : रायफलीवरील दुर्बीण टेहळणीसाठी वापरू नये. तिच्यातून समोरच्या हालचालीकडे पाहणे म्हणजे त्या हालचालीवर भरलेली नळी रोखणे होय, आणि ती हालचाल आपल्या भावकीतल्या एखाद्याची असू शकते. पाहणीसाठी गळ्यात साधी हातदुर्बीण अडकवावी. जनावर संपूर्ण, डोक्यापासून शेपटापर्यंत दिसले आणि त्याच्यामागे माती आहे याची खात्री झाली, म्हणजेच रायफल खांद्यास लावावी.

रायफलीची गोळी दोन किलोमीटरहूनही दूर जाऊ शकते. सपाट शेतात, उभ्याने झाडलेली व चुकलेली गोळी पुढल्या वस्तीपर्यंत पोहोचते. मचाणाचा खरा लाभ हाच की गोळी वरून खाली जाते व जमिनीत रुतते. ज्या रात्री बंदोबस्त करावयाचा असेल त्या रात्री सभोवतालच्या शेतांत कोणी पाणी देण्यास जाऊ नये, यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दुपारीच घरोघर निरोप द्यावा व ज्यांची पाण्याची पाळी असेल त्यांच्याशी स्वतः बोलून घ्यावे. पाळी बदलता येत नसेल तर बंदोबस्त दुसऱ्या रात्रीवर ढकलावा.

नेम कोठे धरावा याविषयी : डुकराचे हृदय पुढल्या पायांच्या मध्ये, छातीत बरेच खाली असते. जनावर आडवे उभे असता पुढल्या पायाच्या लगत मागे, शरीराच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम ठेवावा. जनावर तोंड करून येत असेल, धावत असेल किंवा पिलांच्या घोळक्यात असेल तर गोळी झाडू नये. मोठ्या नराच्या खांद्यावरील कातडी ढालीसारखी जाड असते.

कलम ११ खालील परवानगीने मारलेले रानडुक्कर ही शासनाची मालमत्ता ठरते. ते हलवू नये, कापू नये. जवळच्या वन कार्यालयास तत्काळ कळवून पंचनामा होईपर्यंत जागेवरच ठेवावे. त्याच वेळी पिकाच्या नुकसानीचाही पंचनामा करून घ्यावा, कारण नुकसानभरपाईचा अर्ज निराळा करावा लागतो. घरी आल्यावर रायफल रिकामी असल्याची पुन्हा खात्री करून नळी पुसावी, छिद्रातील धूळ काडीने काढावी, दुर्बिणीच्या भिंगावरील धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. धोतराच्या सोग्याने भिंग पुसल्यास त्यावर ओरखडे पडतात.